तळघरात म्हणजे सुरक्षितच ना? थर्मोबॅरिक शस्त्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ मार्च २०२२ च्या रात्री अकरा वाजता एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. मुलगा युक्रेनमध्ये, खारकीवला एमबीबीएस करत होता. मी त्याला अकरावी-बारावीत केमिस्ट्री शिकवली होती, तेवढीच ओळख. "सर, टीव्हीवर व्हॅक्यूम बॉम्ब, व्हॅक्यूम बॉम्ब चाललंय. हा होस्टेलच्या तळघरात बसलाय. तळघरात म्हणजे सुरक्षितच ना?" मी म्हणालो, "हो ताई, तिथेच बसू दे." फोन ठेवला आणि मग मला झोप येईना, कारण त्यांनी ज्या शस्त्राचं नाव घेतलं होतं ते बंद जागेत दडलेल्या माणसासाठीच बनवलेलं असतं.

तेव्हापासून हाच विषय पालक, विद्यार्थी आणि सोसायटीतली माणसं वेगवेगळ्या शब्दांत विचारत आली आहेत. ती उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

थर्मोबॅरिक म्हणजे नेमकं काय?

शब्द ग्रीक आहे. 'थर्मोस' म्हणजे उष्ण आणि 'बारोस' म्हणजे भार किंवा दाब. उष्णता आणि दाब या दोन गोष्टींनी मारणारं शस्त्र, असा त्याचा साधा अर्थ.

फरक कळण्यासाठी दिवाळीतला सुतळी बॉम्ब आठवा. त्याच्या दारूत जळणारा पदार्थ असतो आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारं द्रव्यही तिथेच मिसळलेलं असतं. म्हणून तर सुतळीने घट्ट आवळून बाहेरची हवा बंद केली तरी तो फुटतो. सैन्यातली नेहमीची स्फोटकंही याच तत्त्वावर चालतात, लागणारा ऑक्सिजन ती आपल्या पोटातच बाळगतात.

थर्मोबॅरिक शस्त्रात इंधन भरपूर असतं आणि ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला असतो. उरलेला ते आजूबाजूच्या हवेतून घेतं. आधी इंधनाचा बारीक फवारा किंवा धातूची भुकटी सगळीकडे पसरते आणि मग तो सगळा ढग पेटतो. ऑक्सिजनचं ओझं वाहायचं नसल्यामुळे तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त ऊर्जा मावते. स्फोटाची जागाही एक बिंदू राहत नाही, ढग जिथवर पोचला तिथवर सगळीकडे एकदम स्फोट होतो.

दाबाची जातही वेगळी असते. नेहमीच्या स्फोटाचा दाब झटकन चढतो आणि झटकन ओसरतो, कानाखाली बसलेल्या चपराकीसारखा. थर्मोबॅरिकचा दाब शिखराला त्या मानाने कमी असतो, पण जास्त वेळ टिकतो. संध्याकाळी दादरला लोकलच्या दारात उभं असताना मागून लोंढा येतो, तसा तो रेटत राहतो. इमारती पडतात आणि माणसं आतून फाटतात ती या रेट्यामुळे.

घरातल्या गॅसच्या स्फोटासारखंच का हे?

हो, नातं अगदी जवळचं आहे. रात्रभर सिलिंडर गळतो, सकाळी कोणीतरी अंधारात दिव्याचं बटण दाबतं आणि घर उडतं. हवेत मिसळलेलं इंधन, त्यावर एक ठिणगी, आणि भोवती चार भिंती. ही मांडणी अपघाताने जुळली तर दुर्घटना होते. तीच लष्करात मुद्दाम जुळवून आणतात.

मी लहान असताना आमच्या गल्लीत असा स्फोट झाला होता. धूर निवल्यावर मोठ्या माणसांच्या मागून आम्ही पोरं आत डोकावलो. स्वयंपाकघराची बाहेरची भिंत अख्खीच्या अख्खी गल्लीत आडवी पडली होती. पण फळीवरचे पितळेचे डबे ओळीने जागच्या जागी होते. त्यांच्या शेजारी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा होता, झाकण लावलेला, तो मात्र मुठीत धरून चुरगळावा तसा चेपला होता. ते दृश्य मला पुढे कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

भिंतीवर दाब एकाच बाजूने आला, आतून, म्हणून ती गेली. जाड पितळेच्या भरलेल्या डब्यांवर दाब चारी बाजूंनी सारखाच आला, त्यांना कुणीकडेच सरकायचं कारण नव्हतं. पत्र्याच्या डब्यावरही चारी बाजूंनीच आला, पण त्याच्या आत हवेची पोकळी होती आणि पत्रा पातळ होता. माणसाच्या शरीरातही असे काही पोकळ डबे आहेत: कान, फुफ्फुसं, आतडी. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचाच संबंध येणार आहे.

हेच मोठ्या प्रमाणावर घडलेलं भारताने पाहिलं आहे. रायगड जिल्ह्यात नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात ५ नोव्हेंबर १९९० रोजी वायूगळतीनंतर स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळच्या सीतापुरा भागातल्या तेल डेपोत पेट्रोल गळून त्याच्या वाफेचा ढग पसरला, पेटला, आणि पुढे अनेक दिवस आग धुमसत राहिली. इंधन द्रव किंवा वायूच असायला हवं असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ ला साखरेची उडालेली धूळ पेटली आणि १४ कामगारांचा जीव गेला. आमच्या साखरपट्ट्यातल्या मुलांना वर्गात हे उदाहरण सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

'व्हॅक्यूम बॉम्ब' हे नाव बरोबर आहे का? तो फुफ्फुसातली हवा ओढून घेतो म्हणतात.

नाव चुकीच्या ठिकाणी लक्ष नेतं. कुठल्याही मोठ्या स्फोटात आधी दाब वाढतो, मग काही क्षण तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो, आणि बाहेरची हवा परत आत धावते. थर्मोबॅरिक स्फोटात हा दुसरा टप्पा जास्त जाणवतो, ऑक्सिजनही जळून जातो, म्हणून हे नाव रुजलं. पण माणूस मरतो तो मुख्यतः आधीच्या दाबाने, नंतरच्या ओढीने नव्हे. छातीतून हवा 'शोषून' घेतली जाते हे वर्णन टीव्हीवर कितीही वेळा ऐकलं असलं तरी खरी इजा दाबाच्या लाटेने फुफ्फुसाच्या आतली नाजूक भिंत फाटल्याने होते.

गुदमरणं मात्र खरं आहे. बंद खोलीत ऑक्सिजन संपतो, अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि दाबातून वाचलेला माणूस तिथे श्वास घेऊ शकत नाही.

फ्युएल-एअर बॉम्ब आणि थर्मोबॅरिक एकच का?

बहिणी म्हणा. फ्युएल-एअर बॉम्ब जुना. त्यात द्रव इंधन आधी फवारलं जातं आणि क्षणभराने दुसऱ्या स्फोटाने पेटवलं जातं. वारा, पाऊस, फवाऱ्याची दाटी, यातलं काही बिघडलं की तो फुसका जातो. नंतरच्या थर्मोबॅरिक मिश्रणांत पसरणं आणि पेटणं जवळजवळ एकाच झटक्यात होतं, त्यामुळे खांद्यावरून डागायच्या नळीतही ते बसतं. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, आणि सर्वसामान्य वाचकासाठी त्याने फारसं बिघडत नाही.

त्यात कोणतं इंधन असतं, किती असतं?

हे विचारणारी मुलं दरवर्षी भेटतात, बहुतेक जण निव्वळ कुतूहलाने विचारतात. या प्रश्नाचं उत्तर मी वर्गात देत नाही आणि इथेही देणार नाही.

याची सुरुवात कुठून झाली?

दुसऱ्या महायुद्धात मारियो झिपरमायर नावाच्या ऑस्ट्रियन संशोधकाने जर्मनीसाठी कोळशाच्या भुकटीवर प्रयोग केले होते. प्रत्यक्ष रणांगणावर हे तंत्र अमेरिकेने व्हिएतनाममध्ये आणलं. तिथल्या जंगलात हेलिकॉप्टर उतरवायला मोकळी जागा करणं आणि भूसुरुंग उडवून टाकणं, हे त्याचं पहिलं काम. दाबाची लाट मोठ्या पट्ट्यावर सारखी पडते, त्यामुळे जमिनीतले सुरुंग एकदम फुटतात. मग ते माणसांवर वापरलं गेलं. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडण्याच्या तोंडावर स्वान लोक इथल्या लढाईत दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाने सीबीयू-५५ हा बॉम्ब टाकला.

त्याच एप्रिलमध्ये सायगावहून पळालेल्या हजारो कुटुंबांत पंधरा वर्षांची एक मुलगी होती, आन ज्युओंग. ती निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचली, केमिकल इंजिनियर झाली आणि नौदलाच्या मेरिलँडमधल्या इंडियन हेड इथल्या केंद्रात स्फोटकांवर काम करू लागली. ११ सप्टेंबर २००१ नंतर अफगाणिस्तानातल्या गुहांसाठी शस्त्र हवं म्हणून तिच्या पथकाला सांगण्यात आलं आणि ६७ दिवसांत बीएलयू-११८ बी हा थर्मोबॅरिक बॉम्ब तयार झाला. मार्च २००२ मध्ये गार्देझजवळच्या डोंगरातल्या एका गुहेवर तो टाकला गेला. ही गोष्ट मी मुलांना सांगतो तेव्हा वर्गात दोन तट पडतात. काहींना ती जिद्दीची वाटते, काहींच्या अंगावर काटा येतो. मला स्वतःला दोन्ही वाटतं, आणि आज इतक्या वर्षांनीही त्यातलं एक निवडता आलेलं नाही.

रशियाची वाट वेगळी. अफगाणिस्तानात लढताना सोव्हिएत सैन्याने 'श्मेल' वापरायला काढला. श्मेल म्हणजे भुंगा. खांद्यावरून डागायची अकरा किलोची नळी, एक माणूस उचलू शकतो, आणि तिच्यातला गोळा खिडकीतून आत गेला की खोलीत कोणी उरत नाही. त्याच काळात बुरातिनोही आला: रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेल्या रॉकेटच्या तीस नळ्या. १९९९-२००० मध्ये चेचन्यात रशियाने ही शस्त्रं सर्रास वापरली. ग्रोझ्नी शहरात लढवय्ये तळघरांतून लढत होते, आणि त्याच तळघरांत म्हातारी माणसं आणि बायका-मुलंही दडून बसली होती. ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने तेव्हा, फेब्रुवारी २००० मध्ये, या शस्त्रांबद्दल स्वतंत्र टिपण काढून इशारा दिला होता.

फक्त रशियाच वापरतो का?

नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या चर्चेत सोयीनुसार अर्धीच बाजू मांडली जाते. अमेरिकेने इराकमध्ये २००३ पासून हेलफायर क्षेपणास्त्राचा थर्मोबॅरिक प्रकार वापरला, आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फालुजाच्या घराघरांतल्या लढाईत मरीन सैनिकांनी खांद्यावरच्या नळीतून असेच गोळे डागले. ब्रिटनने अफगाणिस्तानात अपाची हेलिकॉप्टरमधून हेच हेलफायर वापरलं. त्यांच्या कागदपत्रांत मात्र 'थर्मोबॅरिक' हा शब्द टाळून 'वाढीव स्फोटशक्ती' अशा अर्थाचे शब्द येतात. इराकने २०१४ मध्ये रशियाकडून घेतलेले रॉकेटगाडे इस्लामिक स्टेटविरुद्ध उतरवले. अझरबैजानने ते २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखमध्ये वापरले. सीरियात २९ सप्टेंबर २०१३ ला रक्का शहरातल्या एका शाळेवर हवाई हल्ला झाला, विद्यार्थ्यांसह किमान १४ जण मेले. तिथे फ्युएल-एअर बॉम्ब वापरले गेल्याचे पुरावे ह्यूमन राइट्स वॉचने मांडले.

युक्रेनमध्ये नेमकं काय झालं?

युद्ध सुरू झाल्यावर दोनच दिवसांत, २६ फेब्रुवारी २०२२ ला, रशियातल्या बेलगोरोदजवळ टीओएस-१ए हे रॉकेटगाडे सीमेकडे जाताना परदेशी वार्ताहरांना दिसले. बेलगोरोदच्या समोर सीमेपलीकडचं मोठं शहर म्हणजे खारकीव. २८ तारखेला अमेरिकेतल्या युक्रेनच्या राजदूत ओक्साना मार्कारोव्हा यांनी रशियाने व्हॅक्यूम बॉम्ब वापरल्याचं सांगितलं. तीच बातमी आपल्याकडच्या वाहिन्यांवर दिवसभर फिरली आणि रात्री मला तो फोन आला. ९ मार्चला ब्रिटनच्या संरक्षण खात्याने जाहीर केलं की टीओएस-१ए वापरल्याचं रशियाच्या संरक्षण मंत्रालयानेच मान्य केलं आहे.

या गाड्याचं रशियन नाव 'सोल्नत्सेप्योक', म्हणजे रणरणतं ऊन. २२० मिलिमीटरच्या चोवीस नळ्या, टी-७२ रणगाड्याचा सांगाडा, आणि सगळी रॉकेटं काही सेकंदांत रिकामी. मारा जेमतेम सहा ते दहा किलोमीटरचा, म्हणून त्याला शत्रूच्या जवळ जावं लागतं आणि म्हणूनच रणगाड्याचं चिलखत. रशियात तो तोफखान्याकडे नसतो, रासायनिक, जैविक आणि किरणोत्सर्गी संरक्षण दलाकडे असतो, कारण जुन्या हिशेबात त्याची गणना आग फेकणाऱ्या शस्त्रांत होते.

युद्ध लांबलं तशी गोष्ट बदलली. युक्रेनने काही गाडे पकडले आणि रशियावरच उलटवले. खंदकांची लढाई सुरू झाल्यावर दोन्ही बाजूंनी लहान ड्रोनला थर्मोबॅरिक गोळा बांधून तो खंदकाच्या किंवा तळघराच्या तोंडातून आत सोडायला सुरुवात केली. आधी एवढ्या मोठ्या गाड्याला जे जमत होतं ते आता दोन-चार किलोच्या यंत्राला जमतं, तेही नेम धरून दारातून आत शिरून. मला या सगळ्यात सर्वांत चिंतेची वाटते ती हीच गोष्ट.

'मदर ऑफ ऑल बॉम्ब्स' थर्मोबॅरिक होता ना?

नव्हता, जरी तसं हजारदा छापून आलं असलं तरी. १३ एप्रिल २०१७ ला अमेरिकेने अफगाणिस्तानात नांगरहार प्रांतातल्या अचिन भागात टाकलेला जीबीयू-४३ हा सुमारे ९,८०० किलोचा बॉम्ब होता. पण त्यातलं स्फोटक नेहमीच्या जातीचं, ॲल्युमिनियम मिसळलेलं. व्हिएतनाममधला 'डेझी कटर'ही थर्मोबॅरिक नव्हता. रशियाने ११ सप्टेंबर २००७ ला चाचणी घेतलेला 'फादर ऑफ ऑल बॉम्ब्स' मात्र या जातीचा, आणि त्याची ताकद ४४ टन टीएनटी या नेहमीच्या स्फोटकाइतकी असल्याचा दावा रशियाचाच.

मग हा छोटा अणुबॉम्बच झाला की.

नाही. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे १५,००० टन टीएनटीइतका होता, त्याच्यापुढे वरचा ४४ चा आकडा ठेवून पाहा. किरणोत्सर्ग तर अजिबात नाही. छत्रीसारखा ढग दिसतो म्हणून लोक घाबरतात, पण तसा ढग कुठल्याही मोठ्या, गरम स्फोटातून उठतो.

बंद जागेवर तुम्ही एवढा भर का देता?

कारण सगळं तिथेच आहे. मोकळ्या मैदानात दाबाची लाट पसरत जाते आणि अंतरागणिक भराभर कमी होते. खोलीत ती भिंतीवर आपटून परत येते, कोपऱ्यात दोन लाटा एकमेकींवर चढतात, छत आणखी एक परत पाठवतं. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये साध्या स्फोटकांच्या चार बॉम्बहल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, दोन उघड्यावरचे आणि दोन बसच्या आतले. उघड्यावर सापडलेल्यांपैकी ७.८ टक्के माणसं मेली, बसमधली ४९ टक्के. आता हाच हिशेब अशा शस्त्राला लावा, ज्याचा ढग दारातून, झरोक्यातून, जिन्यावरून वाहत आत जातो आणि मग पेटतो.

तोफगोळ्यापासून वाचायचं तर माणसाने आडोसा शोधायचा, हे युद्धाचं शेकडो वर्षांचं शहाणपण. गोळ्याच्या ठिकऱ्या सरळ रेषेत जातात, भिंत मध्ये आली की संपलं. दाब वळतो. कोपऱ्यावरून वळताना त्याचा जोर घटतो, पण तो थांबत नाही. चिलखती जाकीट ठिकऱ्या अडवतं, दाब अडवत नाही.

शरीराला नेमकं काय होतं?

ढगाच्या आत किंवा अगदी जवळ असलेला माणूस भाजणं आणि दाब यांनी जागीच मरतो. जरा लांब असलेल्यांचं काय होतं, ते समजून घ्यायला तो पत्र्याचा डबा पुन्हा आठवा.

पहिला बळी कान. हवेच्या नेहमीच्या दाबापेक्षा साधारण एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ३५ किलोपास्कल, जास्त दाब आला तरी पडदा फाटू शकतो. फुफ्फुसांना इजा व्हायला १०० किलोपास्कलच्या आसपास लागतात, पण दाब जास्त वेळ टिकला तर त्याहून कमीही पुरतो, आणि थर्मोबॅरिकचा दाब टिकतो. फुफ्फुसात कोट्यवधी फुगे आहेत, त्यांची भिंत केसाहूनही कितीतरी पातळ. लाट छातीतून जाताना हवा आणि रक्त यांच्या सीमेवर ती भिंत फाटते. रक्त फुग्यांत उतरतं आणि हवा रक्तात शिरते. रक्तात शिरलेला हवेचा बुडबुडा मेंदूला किंवा हृदयाला जाणारी वाट अडवू शकतो. डॉक्टर याला 'ब्लास्ट लंग' म्हणतात. एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखा पांढरा डाग दिसतो, पाठ्यपुस्तकांत त्याला फुलपाखराचा आकार म्हटलंय. आतड्यात रक्तस्राव होतो, कधी छिद्र पडतं आणि ते एक-दोन दिवसांनी कळतं. मेंदूला हादरा बसतो.

हे सगळं आतल्या आत. वरून कातडीवर ओरखडाही नसू शकतो. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने, जी आता अतिदक्षता विभागात काम करते, मला सांगितलं होतं की बॉयलरच्या स्फोटातून आलेला एक कामगार स्वतःच्या पायांनी चालत आला, "माझं काही नाही, आधी त्यांना बघा" म्हणाला, बाकावर बसला, आणि तासाभरात त्याचे ओठ निळे पडायला लागले. तो वाचला, कारण तिने त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून ठेवलं होतं. रणांगणावर ते लावणारं कोणी नसतं.

माणूस 'वाफ होऊन' जातो हे खरं का?

नाही. स्फोटाच्या अगदी केंद्राशी शरीराचे तुकडे होतात, भाजतं. वाफ होत नाही. जे होतं ते पुरेसं भयानक आहे, त्यात भर घालू नये. भर घातली की उद्या खऱ्या साक्षीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

यावर बंदी आहे का?

थर्मोबॅरिक शस्त्रांवर म्हणून एकही आंतरराष्ट्रीय करार नाही.

होऊ शकला असता. १९७० च्या दशकात रेड क्रॉसने ल्युसर्न आणि लुगानो इथे सरकारी तज्ज्ञांच्या परिषदा भरवल्या, त्यांत हा विषय होता. मेक्सिको, स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांनी फ्युएल-एअर शस्त्रं माणसांवर वापरू नयेत, सुरुंग साफ करण्यासारख्या कामांपुरती ठेवावीत, असा मसुदाही मांडला. १९८० च्या पारंपरिक शस्त्रांवरच्या करारात आग लावणाऱ्या शस्त्रांबद्दलचा तिसरा प्रोटोकॉल आला, पण त्याच्या व्याख्येत मुख्यतः आग लावण्यासाठी किंवा भाजण्यासाठी बनवलेली शस्त्रंच बसतात. थर्मोबॅरिक मुख्यतः दाबाने मारतं, आग जोडीला, म्हणून ते या व्याख्येतून निसटतं. होरपळलेल्या माणसासाठी या भेदाला काडीचाही अर्थ नाही, पण कायद्यासाठी आहे.

तरीही 'बंदी नाही म्हणजे काहीही चालतं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सैनिक आणि नागरिक यांत भेद न करणारा हल्ला कुठल्याही शस्त्राने केला तरी युद्धाच्या नियमांविरुद्धच असतो. मोकळ्या माळावरच्या बंकरवर टाकलेला गोळा आणि वस्तीतल्या इमारतीवर टाकलेला तोच गोळा, कायद्यापुढे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये डब्लिनला ८० हून अधिक देशांनी वस्तीत स्फोटक शस्त्रांचा वापर आवरण्याच्या राजकीय जाहीरनाम्याला मान्यता दिली. तो बंधनकारक नाही. मला विचाराल तर १९८० मध्ये तो मसुदा बाजूला पडला तेव्हा जगाने एक मोठी संधी घालवली. तेव्हा ही शस्त्रं मोजक्या सैन्यांकडे होती.

भारताकडे आहेत का?

आहेत, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्रातून जातो. पुण्यात पाषाण परिसरात डीआरडीओच्या दोन प्रयोगशाळा आहेत, एआरडीई आणि एचईएमआरएल. अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटर तोफेसाठी त्यांनी थर्मोबॅरिक गोळा बनवला आणि जानेवारी २०१४ मध्ये ओडिशातल्या चांदीपूरला एका निकामी रणगाड्यावर तो डागून पाहिला. २०२४ मध्ये नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीच्या 'सिटबेक्स-१' या थर्मोबॅरिक स्फोटकाला नौदलाने प्रमाणित केल्याची बातमी आली. माझे दोन विद्यार्थी या क्षेत्रात आहेत. देशाला बंकर फोडणारं शस्त्र लागतं हे मी समजू शकतो. त्यांना भेटलो की मी एवढंच विचारतो की ते कुठे वापरायचं नाही हेही कुठे लिहिलेलं आहे का.

व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओवरून ओळखता येतं का?

बहुतेक वेळा नाही. मोठा आगीचा गोळा म्हणजे थर्मोबॅरिक असं नाही, तेलाची टाकी पेटली तरी तसाच दिसतो. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, तेव्हा उठलेला पांढरा घुमट पाहून लोकांनी व्हॅक्यूम बॉम्बपासून अणुबॉम्बपर्यंत सगळं लिहिलं. तो घुमट हवेतल्या बाष्पाचा होता. जाणकार तपासतात ते शस्त्राचे उरलेले तुकडे, त्यांवरचे क्रमांक, इमारतीच्या पडझडीची पद्धत आणि जखमींच्या इजा.

स्फोटाजवळून धडधाकट आलेल्या माणसाचं काय करावं?

हा प्रश्न युद्धापुरता नाही. गॅस, बॉयलर, फटाक्यांचा कारखाना, कुठेही लागू पडतो. बाहेरून जखम नसली तरी त्याला दवाखान्यात न्या, आणि स्फोट बंद जागेत झाला हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. धाप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, पोटदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काही दिसलं तर एक मिनिटही घालवू नका. फुफ्फुसाची इजा पहिल्या काही तासांत उघड होते. कानाचा पडदा शाबूत आहे म्हणजे आतही सगळं ठीक असेल, हा जुना आडाखा आता डॉक्टर मानत नाहीत.

मग तळघरात जावं की नाही?

जावं. त्या रात्री मी दिलेलं उत्तर चूक नव्हतं, अपुरं होतं. शहरावर पडतं त्यातलं बहुतेक रॉकेट, तोफगोळे, क्लस्टर बॉम्ब असतं, आणि त्या सगळ्यापुढे तळघर हाच सर्वांत चांगला आसरा आहे. खारकीववरही त्या दिवसांत मुख्यतः तेच पडत होतं. पण तळघरात कुठे बसायचं याने फरक पडतो. दाराच्या आणि झरोक्याच्या सरळ रेषेत बसू नये. आतल्या आत एखादं वळण, दुसरी खोली असेल तर तिच्यात बसावं. बाहेर पडायच्या दोन वाटा असलेली जागा धरावी. लढाई गल्लीत येऊन पोचण्याआधी, सैनिक त्याच इमारतीत शिरण्याआधी, ती जागा सोडता आली तर सोडावी.

दुसऱ्या दिवशी, २ मार्चला, भारतीय दूतावासाने सगळ्यांना खारकीव तातडीने सोडायला सांगितलं, गाडी मिळाली नाही तर पायी. तो मुलगा इतरांबरोबर चालत खारकीवजवळच्या पिसोचिनला पोचला आणि पुढे काही दिवसांनी घरी. भेटायला आला तेव्हा मी त्याला तळघराबद्दल विचारलं. म्हणाला, साठ-सत्तर जण होतो, आणि रोज रात्री एकाच गोष्टीवरून वाद व्हायचा: दाराजवळ मोबाइलला रेंज यायची, त्यामुळे घरी फोन करायला सगळ्यांना तिथेच बसायचं असायचं.